बाहेरून उघडणारी कडी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका राज्यात ज्यांना आईबाप नाहीत अशा मुलांसाठी राजानं एक मोठं घर बांधलं होतं. उंच भिंती, भक्कम दरवाजा, दोन वेळा पोटभर जेवण. राजा मनाचा चांगला होता बरं का, उगाच त्याला नावं ठेवू नका. नियम मात्र एक होता: सोळावं वर्ष सरलं की नवं धोतर किंवा लुगडं द्यायचं, पायलीभर जोंधळे बांधून द्यायचे आणि दरवाजाबाहेर पोचवायचं. दरवाजाची कडी आतून होती. बाहेर गेलेल्याला ती उघडता येत नसे.

मुलांना सांभाळायला एक म्हातारी होती. सगळी तिला माय म्हणत.

वर्षातून एकदा राजा येई आणि विचारी, "मोठेपणी कोण होणार रे तुम्ही?"

"स्वयंपाकीण," मुली म्हणत. "पहारेकरी," मुलगे म्हणत. एखादं चिमुरडं म्हणे, "राजा." मग राजा पोट धरून हसे आणि लाडू वाटून परत जाई.

मायही इतकी वर्षं हसत आली होती. पण त्या साली तिला हसू आलं नाही. पोरांनी आपलं काम करताना पाहिलेली माणसं तीनच. चुलीपाशी स्वयंपाकीण, दाराशी पहारेकरी आणि वर्षातून एकदा राजा. मायला तर ती आईच समजत. आई होणं हे काम आहे हे त्यांना कोण सांगणार? चौथं काम जगात असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या साली बाहेर गेलेली हौशी रोज जेवणाच्या वेळी दरवाजाबाहेर येऊन बसायची. कुणी तिला कामावर ठेवलं नव्हतं. माय फटीतून भाकरी सरकवायची. आणि आता येसूचं सोळावं सरायला तीनच महिने उरले होते. येसू घरातली सगळ्यात खोडकर पोर, मायचा जीव की प्राण. तीही अशीच दाराशी बसणार होती.

मुलांना बाहेर नेऊ नये असा काही नियम नव्हता. कुणाच्या मनातच ते आलं नव्हतं. एके सकाळी मायनं येसूचा हात धरला, दाराशी बसलेल्या हौशीलाही उठवलं आणि तिघी कुंभाराकडे गेल्या.

"एक दिवस या पोरींना चाकापाशी बसू दे," माय म्हणाली.

"कोणाच्या पोरी?" कुंभारानं विचारलं.

त्या गावात हे उगाच विचारत नसत. शिकाऊ पोराच्या हातून नुकसान झालं तर घरच्या माणसानं येऊन ते अंगमेहनतीनं भरून द्यायचं, अशी रीत होती. घरचं कुणी नसलं की काम नाही. दोघींनी माना खाली घातल्या.

"माझ्या," माय म्हणाली.

दुपारपर्यंत येसूनं सात ओली मडकी मोडली. हौशी मात्र चाकावरून उठेना. कुंभारानं तिला ठेवून घेतलं, आणि येसूच्या मडक्यांपायी माय दोन दिवस चिखल तुडवत राहिली. मग कोष्ट्याकडे येसूनं सुताचा गुंता केला, तो मायनं सोडवला. रंगाऱ्याकडे तिनं रंगाचा हंडा लवंडला आणि मायचे हात कोपरापर्यंत निळे झाले.

"मला काहीच जमत नाही गं माय," येसू रडत म्हणाली. "सोड माझा नाद."

"तीन कामं तुझी नाहीत एवढं कळलं. गावात अजून ढीगभर आहेत."

"पण भोगतेस तू."

"कुंभाराच्या लेकानं लहानपणी किती मडकी फोडली, विचार त्याला. चिखल तुडवायला त्याचा बाप होता. तुला मी आहे." आणि मायनं निळ्या हातांनी तिचे डोळे पुसले.

लोहाराकडे पहिल्याच दिवशी येसूनं घण अंगठ्यावर मारून घेतला. नख काळं पडलं. दुसऱ्या दिवशी माय उठवायला गेली तर अंथरूण रिकामं. येसू कधीच भात्यापाशी जाऊन बसली होती.

"हात कच्चा आहे," लोहार म्हणाला, "पण न बोलावता येते. ठेवतो."

सोळावं सरलं. येसूला लुगडं मिळालं, जोंधळे मिळाले, आणि तिच्यामागे दरवाजा लागला. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली आणि मग लोहाराकडे चालू लागली.

महिन्याभरानं ती फडक्यात काहीतरी गुंडाळून आली. लोखंडी कडी होती, बाहेरूनही उचलता येईल अशी.

"मी केलेली पहिलीच आहे. जरा वाकडी झालीय," ती म्हणाली.

"आणि चोर शिरले तर?" पहारेकरी कुरकुरला.

"तू आहेस ना," माय म्हणाली, आणि कडी बसवून घेतली.

त्याच संध्याकाळी हौशी कुंभाराकडून आली. चिखलाच्या हातांनी तिनं कडी उचलली आणि आत येऊन सगळ्यांबरोबर पानावर बसली. माय वाढता वाढता थांबली आणि पदरानं डोळे टिपत राहिली.

पुढच्या सालापर्यंत मायनं बाकीच्या पोरांनाही गावभर फिरवून कामं दाखवली होती. राजा आला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. कुणी म्हणालं लोहार, कुणी म्हणालं कोष्टी. एक पोरगी म्हणाली, "मी अजून ठरवलं नाही. कारागिरांच्या दोन आळ्या बघायच्या राहिल्यात."

राजा हसला नाही. जाताना त्याचा हात त्या वाकड्या कडीवर पडला. "ही बाहेरून का उघडते?"

मायनं हात जोडले. "महाराज, घरची पोरं संध्याकाळी घरी येतात."

राजानं ती कडी एकदा बाहेरून उचलून पाहिली. मग त्यानं सोळाव्यानंतर बाहेर घालवायचा आपला नियम तिथंच मोडीत काढला.

तात्पर्य: पोरक्या मुलाला नुसतं पोसून भागत नाही, त्याला जगातली कामं दाखवावीत, आणि तो चुकला तरी त्याच्या पाठीशी उभं राहावं.