शांत रानाची पाहणी

नदीच्या अलीकडच्या रानात एक हरिणी राहत असे. तिचे मन मात्र पलीकडच्या काठावर राहत असे. पलीकडे पाच रानांनी एकी करून एक मोठा तलाव सामाईक ठेवला होता. पाचांपैकी कुठल्याही रानातल्या जनावराने तिथे यावे, पाणी प्यावे, हवे तिथे चरावे. कोणी अडवत नसे. हरिणीची धाकटी बहीण तीन उन्हाळ्यांपूर्वी तिकडे गेली आणि मागोमाग अलीकडच्या वाघाने नदी ओलांडायच्या उतारावर मगरी पहाऱ्याला बसवल्या. तेव्हापासून हरिणी रोज दुपारी काठाशी येऊन पलीकडचे कळप न्याहाळत उभी राहायची. मुलांनो, आपले माणूस दिसत नसले, तरी ते ज्या दिशेला आहे तिकडे बघावेसे वाटते. त्याला इलाज नाही.

आता हा वाघ कसा होता तेही ऐका. रानाचा एक जुना रिवाज आहे. वाघ फिरायला निघाला की झाडावरचे वानर ओरडते, हरणे इशारा देतात, टिटवी तर रान डोक्यावर घेते. मग ज्याला पळायचे तो पळतो. वाघाची शिकार बुडते खरी, पण वाघांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. याला सोसवेना. "माझ्या चालण्याची दवंडी कशाला?" असे म्हणून त्याने हुकूम काढला, की मी फिरताना कोणी तोंड उघडायचे नाही. टिटवीला जन्माची सवय, ती ओरडलीच. तिला साळिंदराच्या रिकाम्या बिळात कोंडून बिळाच्या तोंडाशी धोंडा लावला. मग सगळे शहाणे झाले. रान गप्प बसले आणि वाघाचे पोट सुटले.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. अलीकडची डबकी आटली, तसा वाघालाही पलीकडचा तलाव आठवला. "आम्हालाही तुमच्यात घ्या," असा त्याने निरोप धाडला. उत्तर आले, "आधी येऊन बघू. घेतले, तर नदीचे सगळे उतार सगळ्यांना मोकळे." पाहणीला एक म्हातारी हत्तीण येणार असे ठरले. हे ऐकल्यापासून हरिणीला चारा गोड लागेना.

"ताई, त्या दिवशी तोंड आवर हं," वानराने बजावले. "एक दिवस गप्प बसलो, तर जन्माचं पाणी मिळेल."

"आवरीन रे बाबा," हरिणी म्हणाली. "माझी बहीण आहे तिकडे."

हत्तीण आली. सकाळपासून वाघ तिच्या शेजारून चालत होता. झाडांवर वानरे हाताने तोंड दाबून बसली होती. चालता चालता वाघ हरिणीच्या अगदी अंगाजवळून गेला. ओरडा तिच्या गळ्यापर्यंत आला. तिने तो बहिणीच्या नावाने गिळला.

"बघा, कुणाची म्हणून तक्रार नाही," उतारापाशी आल्यावर वाघ म्हणाला.

"तेच बघते आहे," हत्तीण म्हणाली. "आमच्याकडे वाघ चार पावलं चालला की दहा गळे ओरडतात. आमच्या वाघांना ते आवडतं असं नाही, पण ते ऐकून घेतात. तुमच्याबरोबर मी अर्धा दिवस हिंडले, एक पाखरू बोललं नाही. एवढी शांतता मी फक्त वणवा विझल्यावर ऐकली आहे. आत्ता तुम्हाला घेता येणार नाही."

एवढे बोलून ती पाण्यात उतरली. हरिणीचे काळीज तुटले. जी हाक तिने बहिणीसाठी गिळली, तिच्याच नसण्याने वाट बंद झाली होती. इकडे वाघ संतापून हरणांच्या कळपाच्या दिशेने वळला. हरिणीने मान वर केली आणि सगळा जीव गळ्यात आणून इशारा दिला.

"अगं, काय करतेस?" वानर घाबरून कुजबुजले.

"आता गप्प राहून काय राखायचं?" ती म्हणाली आणि पुन्हा ओरडली.

मग वानरही ओरडले. त्याच्यामागून साऱ्या झाडांना कंठ फुटला आणि कळप वेळेवर उधळला. नदीच्या मध्यावर हत्तीण थांबली. तिने मागे वळून कान फडकवले. "पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा येईन," ती म्हणाली. "तोवर हे थांबवू नका."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हरणांची हाक आली, आणि त्या हाकांत एक आवाज हरिणीच्या ओळखीचा होता. पण वाघ मागे लागला होता. तिला थांबून तो ऐकता आला नाही.

तात्पर्य : धाकाने गप्प बसवलेल्या घराला शेजारी सुखी घर समजत नाहीत, आणि दार उघडावे म्हणून जो स्वतःचा आवाज गिळतो, त्याच्यासाठी ते दार उघडत नाही.