भिवा कुंभाराचं चाक

“...म्हणजे मी परमुलखातला असतो, तर मला मोठ्या हॉलात बसवलं असतं. असंच ना, मामू?”

गुलाबमामू बादलीत एक जुनी पांढरी चादर बुडवत होते.

ऋतुराज डांगे सकाळपासून धुमसत होता. जिल्ह्याच्या गावी प्रादेशिक चित्रपट महोत्सव भरणार होता आणि त्याचा चाळीस मिनिटांचा चित्रपट निवडलाही गेला होता. पण स्पर्धेत नव्हे. ‘आपले स्थानिक दिग्दर्शक’ अशा एका वेगळ्या विभागात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, सकाळी अकरा वाजता. स्पर्धेतले चित्रपट मात्र नाट्यगृहात, मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांसमोर. तिथं नाव झालं असतं तर पुढच्या चित्रपटाला कुणी पैसे घेऊन उभं राहिलं असतं. त्या पुढच्या चित्रपटासाठी तो दोन वर्षं दारोदार फिरत होता.

माघारीचं पत्र फोनमध्ये तयार होतं. सहाच्या आत पाठवायचं होतं. त्याआधी मामूंनी एकदा ‘बरोबर हाय’ म्हणावं, एवढ्यासाठी तो गावी आला होता.

गुलाब तांबोळी, म्हणजे मामू, यांनी चाळीस वर्षं जत्राजत्रांतून तंबूतला सिनेमा दाखवला होता. तंबू मोडले, तसे ते गावातल्या रिकाम्या तंबाखूच्या वखारीची राखण करू लागले. तुटलेली फीत जोडायला ऋतुराजला त्यांनीच शिकवलं. मुलाखतींत मात्र तो ‘माझा गुरू म्हणजे जागतिक सिनेमा’ असं सांगे. जागतिक सिनेमा या गावात कधी मुक्कामाला आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“पिच्चर आणलायस?” मामूंनी विचारलं.

“आणलाय. पण प्रश्न चित्रपटाचा नाही, मामू. मानाचा आहे.”

“मशीन?”

“प्रोजेक्टर? गाडीत आहे.”

“मग लाव की.”

वखारीत भरदुपारीही अंधार होता. मामूंनी मधोमध दोरी बांधली आणि तिच्यावर ती ओली चादर पसरली.

“भिंतीला लावू ना. मध्ये कशाला?”

“तंबूत मधीच असायचा पडदा. म्होरनं गडी बसायचे, मागनं बायका. कापड भिजवलं की चित्र आरपार जातंय.”

“पण मागून सगळं उलटं दिसत असेल.”

“दिसायचं की. हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा.”

“आणि बायका काही म्हणायच्या नाहीत?”

“टाळ्या वाजवायच्या.”

ऋतुराजला हसू आलं. राग थोडा उतरला आणि त्या जागी कुतूहल आलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, एवढं त्याला कळलं. काय, ते कळेना.

त्यानं मशीन मांडलं, त्याला लॅपटॉप जोडला. बटणावर बोट ठेवलं.

“थांब. एक बाई यायची हाय.”

आली ती अनसाबाई कुंभार. ऋतुराजचे कानच तापले. चित्रपट होता तो तिच्या नवऱ्यावर, भिवा कुंभारावर, गावातल्या शेवटच्या कुंभारावर. चित्रीकरण संपलं आणि महिन्याभरात भिवा गेला. त्यानंतर चित्रपट दोन मोठ्या शहरांत जाऊन आला होता. डांग्यांच्या घरापासून बारा घरं ओलांडून अनसाबाईकडे काही तो पोचला नव्हता.

“राहून गेलं, काकू,” तो म्हणाला.

“असू दे, बाबा. तुमाला कामं असत्यात.”

ती सवयीनं पडद्यामागं निघाली.

“वैनी, आज म्होरं बसा,” मामू म्हणाले.

ती संकोचत पुढं बसली. चित्रपट सुरू झाला.

आधी तिचं घर आलं. मग मातीचा ढीग, मग भट्टी. पदर तोंडाशी धरून ती हसू आवरत होती. गाढव दिसलं तेव्हा तिनं त्याला नावानं हाक मारली. ऋतुराजच्या जिवात जीव आला.

मग चाकाचा प्रसंग आला. चार मिनिटं नुसतं फिरणारं चाक आणि त्यावर वाकलेला भिवा. याच चार मिनिटांचं दोन्ही शहरांत कौतुक झालं होतं. एका समीक्षकानं तर त्यावर पानभर लिहिलं होतं. तेवढाच तुकडा त्यानं मागं एकदा मामूंनाही फोनवर दाखवला होता.

अनसाबाईच्या तोंडावरचा पदर खाली आला.

“ह्ये कोन?”

“काकू... भिवाकाका.”

“न्हाई.”

“नीट बघा ना.”

“तोंड त्येंचंच हाय.” ती जरा पुढं सरकली. “पर ह्ये त्ये न्हाईत.”

मामूंनी हात वर केला. ऋतुराजनं चित्र थांबवलं.

“चाक उलटं फिरतंय,” ती म्हणाली. “आनि ह्येनी चाक फिरवायची काठी डाव्या हातात कवा धरली? चाळीस वरसं त्या चाकाम्होरं माती मळली मी...”

ऋतुराजला सगळं आठवलं. आधीच्या प्रसंगात बैलगाडी एका दिशेनं जात होती आणि चाक तिच्या विरुद्ध फिरत होतं. डोळ्यांना धक्का बसत होता. म्हणून पुण्यात संकलन करताना त्यानं तो अख्खा प्रसंग आरशातल्यासारखा फिरवून घेतला होता. धक्का गेला. किती सुबक जुळलं, म्हणून त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला होता.

मामू उठले. त्यांनी चादरीची कड उचलून धरली.

“वैनी, या.”

ती वाकून पलीकडे गेली. मामूंनी खूण केली, तसा ऋतुराजनं तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.

पलीकडून काहीच आवाज येईना.

...

त्याला राहवेना. तोही कड उचलून मागं गेला.

ओल्या चादरीवर भिवाची काठी उजव्या हातात होती. चाक चाकासारखं फिरत होतं. अनसाबाई एकटक बघत होती. हाताशी माती नव्हती, तरी तिची बोटं मांडीवर काहीतरी मळत होती.

“हां...” ती हळूच म्हणाली. “आता आलं.”

मग तिचे डोळे भरले. ऋतुराजला आपली फार लाज वाटली. चित्रपट संपेपर्यंत तो तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

शेवटी तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, “ब्येस केलास रं,” म्हणाली आणि घरी गेली. चाकाबद्दल एक शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

पावणेसहा झाले होते. मामू चादर उतरवून पिळत होते.

“दोन शहरांत मोठ्या हॉलात दाखवला, मामू. समोर जाणती माणसं होती. एकाच्याही लक्षात आलं नाही.”

मामू पिळत राहिले.

“वाचनालयाच्या खोलीत गावची माणसं येतील. त्यांच्या लक्षात येईल.”

“यील की.”

ऋतुराजनं फोन काढला. पत्राकडे पाहिलं, आणि फोन तसाच खिशात टाकला. मग लॅपटॉप पुढं ओढला.

“सरळ करतो आत्ताच. एका बटणाचं काम आहे.”

मामूंनी चादर झटकली.

“कशाला...? मोठ्या हॉलात उलटंच चाललं की.”