परबांनी देशकाराला भूप म्हटलं

"मग परबांना काय ऐकवलंस?"

माईंनी हे इतकं सहज विचारलं, की अन्वयला वाटलं, आपल्या रविवारच्या कार्यक्रमाचीच चौकशी करताहेत.

"देशकार!" तो उत्साहानं म्हणाला. "फार जुनं ध्वनिमुद्रण आहे, माई. अठ्ठावीस मिनिटांचं. हॉलंडच्या एका संग्रहातून मी..."

"ते सगळ्यांना ऐकवलंस. परबांना काय ऐकवलंस?"

अन्वयचा हात खिशातल्या कागदावर गेला आणि तिथंच राहिला.

दुपार कलली होती. सावंतवाडीच्या त्या घराच्या ओटीवर दुर्गामाई आरोंदेकर सुपातली आमसुलं उलटीपालटी करत बसल्या होत्या. बोटं लालभडक झाली होती. आत कुंदा, त्यांची चाळिशीतली शिष्या, तानपुरा जुळवत होती.

अन्वय लहानपणी चार वर्षं माईंकडे शिकला. मग शिक्षणासाठी हॉलंडला गेला, सहा वर्षं राहिला, आणि आपल्या गावाचे कान तयार करायचे या एकाच ध्यासानं परत आला. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या दालनात तो लोकांना शास्त्रीय संगीत ऐकवी. काय ऐकावं, कुणाचं ऐकावं, कोणत्या क्रमानं ऐकावं, हे तळमळीनं सांगे. पंचवीस-तीस माणसं जमत. येत्या रविवारी पन्नासावी बैठक होती. माईंनी यावं, आणि त्यानं केलेल्या शंभर ध्वनिमुद्रणांच्या यादीवर दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढंच मागायला तो आला होता.

"यादी केलीस म्हणे," माई म्हणाल्या. "डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी. जेवणाआधी एक, जेवणानंतर दोन."

"तसं नाही, माई. लोकांना कळत नाही कुठून सुरुवात करावी..."

"आणि कुणी एकशे एकावं ऐकलं तर?"

आत कुंदाला हसू फुटलं. अन्वयही हसला. पण माई हसल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या.

"परबांनी तुम्हाला सांगितलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"तू सांग."

सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. परब शिंपी. चितार आळीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पहिल्या रविवारपासून ते येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. त्या दिवशी देशकार संपला, कुणी काही बोलेना, आणि परबांनी उपरण्यानं डोळे पुसत म्हटलं, "काय भूप होता हो!"

भूप आणि देशकार, दोन्ही रागांत सूर तेच पाच. भूप संध्याकाळचा, गंधारावर रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर ठाण मांडणारा. सूर तेच असल्यानं जाणत्यांचीही गल्लत होते. पण अन्वयनं तासभर आधी हेच फळ्यावर लिहून समजावलं होतं.

"मग मी म्हटलं..." तो अडखळला.

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, परब, तीस वर्षं गाणं ऐकता म्हणता, आणि सकाळ की संध्याकाळ हेही कळत नाही? मग इतकी वर्षं ऐकलंत काय, शिलाईचं मशीन?"

माईंचा हात सुपात थांबला.

"लोक हसले?"

"हो."

"परब?"

"तेही हसले."

हे सांगताना अन्वयचा चेहरा तापला. परब सगळ्यांच्या बरोबरीनं हसले होते, जरा जास्तच मोठ्यानं. मग त्यांनी मांडीवरच्या कार्यक्रमाच्या कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, आणि बैठक संपेपर्यंत ते त्या घडीवरून नख फिरवत राहिले. हे त्यानं तेव्हाच पाहिलं होतं. पाहूनही तो पुढच्या ध्वनिमुद्रणाकडे वळला होता.

"त्यानंतर तीन रविवार ते आले नाहीत," तो म्हणाला. "पण त्यांनी तुमच्याकडे तक्रार करायला नको होती, माई. मला सांगायचं."

"तक्रार नाही केली. झंपराचं माप घ्यायला आले होते. माप घेता घेता विचारलं."

"काय विचारलं?"

"माई, म्हणाले... आमच्यासारख्यानं नाव न ओळखता गाणं ऐकलं, तर गाण्याचा अपमान होतो का?"

...

अन्वयनं मान खाली घातली. मग त्याच्यातला शिकलेला माणूस एकदम उसळून वर आला.

"पण माई, चूक ती चूकच ना! मी खरं तेच बोललो. तो देशकारच होता."

"देशकारच होता," माई म्हणाल्या. "म्हण बघू."

"आत्ता?"

"कुंदा, तानपुरा घेऊन बाहेर ये गं."

कुंदा येऊन बसली. तारा झंकारल्या. अन्वयनं मांडी घातली, घसा साफ केला, डोळे मिटले. गेल्या कित्येक वर्षांत तो माईंसमोर गायला नव्हता. पहिला सूर जरा कापला. मग त्याला जिथं आधार मिळाला, तिथं तो विसावला. पुन्हा वर गेला, पुन्हा तिथंच उतरला. दोन-तीन आलाप झाले, तशी भीती गेली. बरं जमलं, असं त्याला वाटलं.

त्यानं डोळे उघडले.

माई आमसुलांकडे बघत होत्या.

"गोड म्हटलास," त्या म्हणाल्या. "भूप."

...

गंधार. धैवत सोडून तो पुनःपुन्हा गंधारावर जाऊन बसला होता. हे त्याला आता, सूर विरल्यावर, आपल्याच कानांत लख्ख ऐकू आलं.

कुंदा हसेल, या भीतीनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. खाली मान घालून तारा छेडत राहिली. तसं कुणी हसलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"माई..." तो म्हणाला. "मी परबांची माफी मागतो. येत्या रविवारी, सगळ्यांसमोर. उभा राहून मागतो."

"म्हणजे सगळ्यांनी पुन्हा त्यांच्याकडे बघायचं?"

त्यानं खिशातला कागद चाचपला.

"तुझी माफीसुद्धा कार्यक्रमात लागते का रे?"

माईंनी तानपुरा थांबवायची खूण केली. एक आमसूल उचलून उन्हाकडे धरलं, अजून ओलं होतं, परत ठेवलं.

"ध्वनिमुद्रण चालू होतं तेव्हा परब काय करत होते?"

"डोळे मिटून बसले होते. गालांवर पाणी होतं."

"आणि तू?"

अन्वयला आठवलं. आठवलं आणि सांगवेना.

"मी... घड्याळ बघत होतो. अठ्ठावीस मिनिटं होती, पुढचं वेळेत लावायचं होतं. आणि कोण लक्ष देत नाही, तेही बघत होतो."

माईंनी मान हलवली. रागानं नव्हे. शिकवणीच्या पहिल्या वर्षी तो सूर चुकला, की अशीच हलवत.

सूप सारवलेल्या अंगणात ठेवून माई पायरीवर हात पुसत उभ्या राहिल्या. आता उठायला हवं, हे त्याला कळलं. शंभर ध्वनिमुद्रणांचा तो कागद त्यानं खिशातून काढलाच नाही. पण पन्नासाव्या बैठकीची पत्रिका उद्या छापायला जायची होती, आणि माईंचं नाव तिच्यात असावं, ही एकच इच्छा घेऊन तो महिनाभर फिरत होता.

"माई, मागायला तोंड नाही मला," तो वाकून नमस्कार करत म्हणाला. "तरी विचारतो. रविवारी तुम्ही याल?"

"येईन की."

त्यानं चमकून वर पाहिलं.

"दहाला ना? येईन. परबांच्या शेजारी बसेन."

"पण माई... परब आता येत नाहीत."

"मग मी कुठे बसू?"