निष्कर्षाचा रकाना

दगडखाणीतल्या खडीच्या धुळीनं वडारवाडीतले निम्मे पुरुष खोकून खोकून मेले. तेव्हा दुर्गव्वानं ठरवलं, की वाडीतल्या बायांनी अन् ढोलकीवाल्या सत्याप्पानं मिळून त्या खोकल्यांचा ताल बसवून बघायचा. या प्रयोगासाठी बीजनिधी मागायला ती शहरातल्या कलासंस्थेत गेली. तिथं अध्यक्ष कोण, तर खाणीचे मालक रावसाहेबच!

अर्ज बघून रावसाहेब गुरगुरले, "बाई, निष्कर्षाचा रकाना कोरा कसा?"

"प्रयोग झाल्यावर भरते की."

"हे संशोधन आहे, पोरखेळ नव्हे. आधी निष्कर्ष लिहा, मग निधी!"

समितीतले चौघेही हसले. दुर्गव्वानं पदराची गाठ सोडून मेलेल्या नवऱ्याचा दवाखान्यातला कागद टेबलावर पसरला.

"तुमच्या खाणीच्या दवाखान्यातबी हीच रीत हाय, साहेब. 'धुळीचा आजार नाही' हे लिवलंय तीन तारखेला, अन् छातीचा फोटो काढलाय नऊ तारखेला. तुमचा तो निष्कर्ष मी ह्या हातांनी पुरून आले. आता आणखी एक लिवू?"

रावसाहेबांना जोराचा ठसका लागला. खोकत खोकतच त्यांनी सही केली, आणि तोवर दुर्गव्वाची बोटं टेबलावर त्या खोकल्याचा ताल धरून होती.