रवळूचा सूर

दोष आबाजी गुरवाचा. आणि त्याच्या प्रत्येक शब्दावर माना डोलावणाऱ्या मानकऱ्यांचा. आरवंद्याच्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते नशिबाचं नाव घेतील. नशिबाने काही केलं नाही. माणसांनी केलं.

खूप मागची गोष्ट. आरवंद्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. लोक होडीतून यायचे, आणि यायचे ते आबाजीची सनई ऐकायला. तो देवळात वाजवायला बसला की भरतीचं पाणी पायरीशी येऊन थांबायचं, असं म्हणतात.

आता सनईला जोडीदार लागतो. एकजण गाणं वाजवतो, दुसरा फक्त एक स्वर धरून बसतो. त्याला सूर धरणं म्हणतात. गाल फुगवायचे, श्वास नाकाने घ्यायचा, स्वर तुटू द्यायचा नाही. आबाजीचा मुलगा रवळू सातव्या वर्षी सुराला बसला. गुरवांची रीत अशी, की बापाने सनईच्या तोंडाशी बसवलेली, स्वतःच्या तोंडात भिजलेली फुंकायची पत्ती काढून मुलाच्या ओठांत द्यायची. मग मुलगा गाणं वाजवायला मोकळा. तोवर नाही.

इतर बाप ती पत्ती मुलाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी देत. आबाजी देईना. मानकरी म्हणायचे, एवढी सनई असताना दुसरी हवीय कशाला?

रवळूच्या पोटात गाणी साचत गेली. तोंडाला बंदी, मग ती हातांतून बाहेर पडायला लागली. आधी त्याने देवळाच्या भिंतीवर गेरूने पाखरं काढली. उजाडताना ती पाखरं पूर्वेकडे माना वळवायची, असं म्हणतात. रवळूने बापाला हाताला धरून भिंतीपाशी नेलं.

"बाबा, ह्या बघा."

आबाजीने बघितलं. "बरा आसा. सांजेक सुराक ये."

मग रवळू लाकूड कोरायला लागला. त्याने दोरीवर नाचणाऱ्या बाहुल्या केल्या. त्यातली सासरी निघालेली नवरी बघून खाडीपल्याडच्या बाया रडायच्या, आणि नवरीचेही गाल ओले व्हायचे. आबाजी म्हणाला, बरा आसा, सांजेक सुराक ये. मग रवळूने दशावतारी खेळासाठी मुखवटे केले. त्याने केलेला राक्षस तोंडावर चढवला की नटाला आपली मेलेली आई आठवायची आणि तो युद्ध सोडून खाली बसायचा. त्याचंही गावभर नाव झालं. पारावरची माणसं हसायची, "आबाजीचो पोरगो सनय सोडून सगळा करता." रवळू ऐकायचा आणि सांजेला सुराला जाऊन बसायचा. बसल्यावर त्याची नजर एकाच ठिकाणी असायची. बापाच्या ओठांवर.

अशी त्रेचाळीस वर्षं गेली.

त्या वर्षी जत्रेच्या आरतीत वाजवता वाजवता आबाजीच्या छातीत कळ आली. त्याने सनई खाली घेतली. पत्ती काढली आणि रवळूसमोर धरली. ओली होती, दिव्याच्या उजेडात चमकत होती. पण आरती संपेपर्यंत सूर तुटता कामा नये, हीही रीतच. बाबल मानकरी पुढे सरकला आणि म्हणाला, "सूर सोडू नको, रवळू. देव बघतासा."

पन्नाशीचा माणूस तो. त्याने ऐकलं. सातव्या वर्षापासून ऐकतच आला होता.

गाल फुगवून तो पत्तीकडे बघत राहिला. आरती लांबली. मानकऱ्यांनी एक कडवंही गाळलं नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा आबाजी गेला होता आणि त्याच्या बोटांतली पत्ती सुकून चिरली होती. मानकऱ्यांनी विचार करून सांगितलं, सुकलेली चालत नाही. आणि भिजवून द्यायला रवळूला दुसरा बाप नव्हता.

त्यानंतर त्याने मातीला हात घातला. गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, त्याने मडकी मांडली, तोंडं समुद्राकडे करून. वारा आला की मडकी घुमायची. लहान, मोठी, बसकी, उभट, कितीही तऱ्हांची केली तरी सगळ्यांतून एकच स्वर निघायचा. तोच, त्याचा. वरचं गाणं कधीतरी येईल म्हणून तो त्या मडक्यांत वीस वर्षं कान देऊन बसला. एका सकाळी तो दिसला नाही. सड्यावर माणसाएवढं एक मडकं जास्तीचं उभं होतं, असं म्हणतात.

आज आरवंद्यात जत्रेची आरती मधेच थांबते. सनईवाला ओली पत्ती काढतो आणि सात वर्षांच्या पोराच्या किंवा पोरीच्या ओठांत देतो. सूर धरणारा मुद्दाम सूर सोडतो. देवळात शांत होतं, सड्यावरून मडक्यांचा आवाज येतो आणि त्याच्यावर ते पोर वेडंवाकडं काहीतरी वाजवतं. मानकऱ्यांचे नातू-पणतू डोळे मिटून हात जोडतात. आता जोडतात.

रवळू सत्तर वर्षं जगला. सनईवर त्याने एकही गाणं वाजवलं नाही.