शक्यतो

"...मग आता तरी समाधान झालं ना, बुवा?"

भालचंद्रपंतांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. पंत संस्थानचे वैद्यक अधिकारी. लहानपणी याच मठात अवजीबुवांच्या हाताखाली शिकलेले. वेड लागलेल्या माणसांना कसं वागवावं, याचं सूचनापत्र त्यांनी चार वर्षांपूर्वी गावोगाव धाडलं होतं. गुरूच्या तोंडून शाबासकी ऐकावी म्हणून ते आज मुद्दाम वाट वाकडी करून आले होते.

बुवा उठले आणि मागच्या पडवीकडे चालू लागले. पंत मागोमाग गेले.

पडवीत एक बाई बसली होती. पायात साखळी. साखळी खांबाला. बैलाच्या मानेवर घट्टा पडतो तसा तिच्या घोट्यावर पडला होता.

पंत उंबऱ्यातच थांबले.

"बुवा... तुमच्या मठात?"

"तिचा भाऊ बांधून गेलाय. किल्ली त्याच्याकडं. त्याच्या घरी गोठ्यात होती, म्हणून मी इथं ठेवून घेतली."

"पण माझं सूचनापत्र?"

"ते काय, समोर आहे."

खरंच होतं. बाईच्या समोरच्या भिंतीवर, दरबारच्या शिक्क्यासकट चिकटवलेलं.

"मी दाखवलं त्याला," बुवा म्हणाले. "'वेड्या माणसास शक्यतो साखळीने बांधू नये.' तो म्हणाला, आम्हाला शक्य नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. 'शक्यतो दाखल करून घ्यावे.' त्यांनाही शक्य नव्हतं. मग फौजदाराकडं गेलो. त्यानं कागद वाचला, उलटून पाठ बघितली आणि विचारलं, नाही पाळलं तर शिक्षा काय?"

"मग?"

"कुठंच लिहिलेली नव्हती."

पंतांना राग आला. कुणाचा ते त्यांनाही कळेना.

"मग साखळी सरळ तोडायची होती तुम्ही."

"तोडली की. दोनदा. दोन्ही वेळा कोठडीत बसलो."

"कोठडीत? तुम्ही? कशाबद्दल?"

"साखळी भावाच्या मालकीची, भालबा. दुसऱ्याची वस्तू मोडली. त्याला कायदा आहे... ही तिसरी. आधीच्या दोन्हींपेक्षा जाड आहे."

पंत खांबापाशी खाली बसले. साखळीला कायदा होता. बाईला सूचना होती. आणि त्या सूचनेखाली त्यांची स्वतःची सही होती.

"हिला... कळतं का काही?"

"तिलाच विचार. मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवायच्या सगुणाबाई."

बाईंनी मान वर केली. भिंतीकडे न बघता त्यांनी सूचनापत्र पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. एक अक्षर चुकलं नाही. इथं बांधल्यापासून समोर दुसरं काही वाचायलाच नव्हतं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "शक्यतो. क्रियाविशेषण अव्यय. काढून टाकलं तरी वाक्य पूर्ण राहतं."

त्यांनी पंतांना विचारलं, "मग घातलं कुणी?"

पंतांना आठवलं. पहिल्या मसुद्यात तो शब्द नव्हता. लोक दुखावतील, जरा सौम्य करा, असं दिवाणसाहेब म्हणाले होते. मग पंतांनीच ओळीच्या डोक्यावर, जागा करून, तो शब्द बसवला होता. अक्षर सुंदर आलं म्हणून त्यांना तेव्हा बरंही वाटलं होतं.

"मी," ते कसेबसे म्हणाले.

...

"बुवा, चुकलं माझं. सूचना पुरे झाल्या. मी दरबारकडून कायदाच करून आणतो. बांधणाऱ्याला कैद. नाकारणाऱ्या दवाखान्यालाही शिक्षा."

"कधी?"

"शक्यतो याच—"

पंत मध्येच थांबले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागानं नाही. वर्गात तीच चूक पुन्हा करणाऱ्या मुलीकडे बघावं, तशा.

बुवांनी कोनाड्यातली पाटी काढली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

"बाई, एक विद्यार्थी आलाय," ते म्हणाले. "तेवढा शब्द गाळून याच्याकडून वाक्य पाठ करून घ्या. आणि पाठ झाल्याशिवाय याला सोडू नका."