उघाडीची कडी

एकदा एक घाटावरचा जावई समुद्रावर पहारा करायला बसला, त्याची ही गोष्ट.

गाव खाडीकाठचे. पुढे समुद्र, पाठीशी डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत साठ घरांची भातशेती. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध आणि त्या बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणत. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटे, ओहोटी लागली की खाडीकडे आपोआप उघडे. त्याची राखण एका वृद्धाकडे होती. आपल्यामागे कोणी हवा म्हणून तो गावच्या जावयाला, तुळाजीला, हाताखाली शिकवत असे.

श्रावणात वृद्ध दोन दिवस लेकीकडे निघाला. "दाराकडे नुसता बघत राहा. बाकी काही करू नकोस," एवढेच त्याने बजावले.

पण नवा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! भरतीला फटींतून पाणी झिरपताना दिसले आणि तुळाजीचे धाबे दणाणले. लोहाराकडून त्याने भक्कम कडी घडवून आणली आणि दाराला आतून ठोकून घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पाणी चढू लागले. आधी घोटाभर, मग गुडघाभर. तुळाजीने कडीवर दोरखंडही आवळला. बांधावर बायका जमल्या.

"अरे, लावणी कुजेल सगळी! वर्षभर साठ घरांनी खायचं काय?" त्यांतली कृष्णाबाय कडाडली. तुळाजीला रडू फुटायचेच बाकी होते.

दुपारी वृद्ध परतला. तुळाजी धावत सामोरा गेला. "काका, घात झाला! कडी घातली तरी समुद्र आत शिरला!"

वृद्धाने शेतातले ओंजळभर पाणी उचलले आणि त्याच्यापुढे धरले. "पी."

"काका, ही काय चेष्टेची वेळ आहे?"

"पी म्हणतो ना!"

तुळाजीने नाक मुरडत घोट घेतला. थबकला. आणखी एक घेतला. "अहो, हे तर गोडं पाणी!"

बायका फिस्सकन हसल्या.

"समुद्र बाहेरच आहे, बाबा," वृद्ध म्हणाला. "हा तुझ्या घाटाकडचा पाऊस. डोंगरावर कोसळला, ओढ्याने उतरला आणि खाडीकडे निघाला. तू त्याच्याच वाटेत कडी घातलीस."

दोघांनी मिळून कडी काढली. ओहोटी लागलेलीच होती. दार करकरत उघडले आणि पाणी धो धो बाहेर पडले. तासाभरात भाताचे हिरवे शेंडे वर आले, तेव्हा कुठे तुळाजीच्या जिवात जीव आला.

वृद्ध म्हणाला, "आपल्या मुलुखात एकीकडून खारं येतं, दुसरीकडून गोडं. एकाला अडवायचं, दुसऱ्याला वाट द्यायची. तू समुद्राला भ्यालास, त्यात गैर काही नाही. पण भीतीने नजर तिथेच खिळली आणि पाठचा डोंगर तू विसरलास. तेही घाटावरचा असून!"

"आणि उघाडी आता यालाच देणार?" कृष्णाबायने विचारले.

"यालाच. याने चव घेतली आहे."

शरमून तुळाजी कडी खाडीत भिरकावणार, तोच वृद्धाने त्याचा हात धरला. "चांगलं लोखंड आहे. कृष्णाबायच्या गोठ्याला लाव. तिची म्हैस रोज सुटते."

पुढे कितीतरी वर्षे तुळाजीने उघाडी राखली. शेतात पाणी चढले की तो आधी वाकून ओंजळ भरी. आपणही दाराला कडी घालण्याआधी एक घोट घेऊन पाहावा.